दीड महिन्यात क्रँक हलला, तर वॉरंटी गेली का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दहावीतल्या मुलासाठी साडेचौदा हजारांची गिअरची, डिस्क ब्रेकची सायकल ऑनलाइन मागवली. खोक्यातून आली, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं जोडून दिली. कळंब्यापासून शाळेपर्यंत रोजचं जाणं-येणं, रविवारी रंकाळा. दीड महिन्यात पायडल मारताना कटकट आवाज यायला लागला आणि आता डावा क्रँक, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला बसतं तो दांडा, चक्क हलतोय. कंपनी म्हणते वॉरंटीत बसत नाही. गावातला दुकानदार म्हणतो, आमच्याकडून घेतली नाही, आम्ही हात लावणार नाही. त्यात पावसाळा तोंडावर आलाय आणि मुलाला मित्रांबरोबर जोतिबाला सायकलवरून जायचंय. पाठवू का, असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही हे तीन प्रश्न म्हणून लिहिलेत, पण मला त्यात एकच दिसतो. सायकल नवी आहे, पण अजून बसलेली नाही. खोक्यातून निघालेली सायकल म्हणजे तयार सायकल नव्हे. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये चाकाच्या तारा आपापल्या जागी बसतात, ब्रेकच्या आणि गिअरच्या वायरी थोड्या सैल पडतात, नट-बोल्ट ढिले होतात. त्या वेळी कुणी पाना घेऊन अर्धा तास तिच्याकडं नीट बघितलं, तर पुढं काही वर्षं ती गुमान चालते. नाही बघितलं, तर वॉरंटीचं भांडण तिथंच सुरू झालेलं असतं, फक्त आपल्याला ते महिना-दोन महिन्यांनी कळतं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात २६ वर्षं सायकली दुरुस्त करतोय. त्याआधी वडिलांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. तेव्हाचे क्रँक कॉटर पिनवर बसायचे. पिन ढिली झाली की पायडल फिरवताना पाय मध्येच झोल खायचा, गिऱ्हाईक परत यायचं, वडील हातोडीनं पिन ठोकायचे, वर नट आवळायचे, झालं. लोखंडावर लोखंड होतं, त्यामुळं चार दिवस उशीर झाला तरी फार बिघडत नव्हतं. आताच्या सायकलीत तेवढी सवलत नाही.

आधी घरच्या घरी एक तपासणी करा. सायकल कुणाला तरी धरायला सांगा. एका हातात डावा क्रँक, दुसऱ्या हातात उजवा क्रँक धरून फ्रेमच्या दिशेनं आत-बाहेर हलवा. दोन्ही एकदम हलले तर दोष मधल्या एक्सलचा, म्हणजे बीबीचा. एकटा डावा हलला आणि उजवा गप्प राहिला, तर डावा क्रँक एक्सलवर ढिला आहे. तुमच्या वर्णनावरून मला दुसरं वाटतंय, पण हातात घेतल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही.

आता हे का होतं ते सांगतो, कारण कंपनीशी बोलताना हेच उपयोगी पडणार आहे. या किमतीच्या बहुतेक सायकलींत एक्सल पोलादी असतो, टोकाला चौकोनी आणि किंचित निमुळता. क्रँक ॲल्युमिनियमचा, त्याला तसंच चौकोनी भोक. बोल्ट आवळला की क्रँक त्या निमुळत्या टोकावर चढत जातो आणि घट्ट बसतो. त्याला साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटरचा जोर लागतो. वीतभर पान्याच्या टोकाला सतरा-अठरा किलो वजन टांगल्यावर जेवढा पडेल, तेवढा. सायकलीबरोबर येणाऱ्या पत्र्याच्या छोट्या पान्यानं तेवढा जोर लागतच नाही. बोल्ट थोडा जरी ढिला राहिला, तर प्रत्येक पायडलला पोलादाचा चौकोन ॲल्युमिनियमच्या भोकावर आतून ठोके देतो. मऊ धातूच तो, भोकाचे कोपरे दबतात आणि चौकोन गोलसर होत जातो. एकदा तो गोलसर झाला की कितीही आवळा, दोन दिवस बरा वाटतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कटकट. तुम्ही लिहिलंय की पंक्चरवाल्यानं दोनदा आवळून दिला. म्हणजे बहुधा क्रँक गेलाच आहे.

या अवस्थेत काही जण कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये घालतात आणि क्रँक ठोकून बसवतात. तसं करू देऊ नका. पोरगं चढाला उभं राहून पायडल मारतं तेव्हा सगळं अंग एका क्रँकवर असतं. तो निसटला तर माणूस थेट दांडीवर आणि तिथून रस्त्यावर. नवीन डावा क्रँक चार-पाचशेच्या घरात येतो. तो बसेपर्यंत सायकल उभी ठेवा, शाळेला केएमटीच्या बसनं जाऊ दे.

क्रँक बदलताना डावं पायडलही काढून बघायला सांगा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, बसवताना घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरवायचे. पायडलच्या टोकावर डावं-उजवं ओळखायची इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात, पण घाईत कोण बघतो? चुकीचं पायडल जोरानं घातलं की क्रँकचे आटे खरवडून निघतात. असे क्रँक माझ्या बाकड्याखाली डबाभर पडलेत.

आता वॉरंटी. हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं, काहीही मोडलं तर फुकट. सायकलीची वॉरंटी जवळपास सगळीकडं फक्त उत्पादनातल्या दोषाची असते. फ्रेमला जास्त मुदत, बाकीच्या भागांना कमी. टायर, ट्यूब, ब्रेक पॅड, चेन, वायर, हँडलच्या मुठी हे झिजणारे भाग बहुधा बाहेरच असतात. ती पहिल्या मालकापुरती असते, बिल लागतं, काही कंपन्यांत ठरावीक दिवसांत नोंदणीही करावी लागते. भाड्यानं दिलेली, डिलिव्हरीच्या कामाला लावलेली किंवा मोटारचं किट बसवलेली सायकल सहसा वगळतात. पण हे कंपनीनुसार बदलतं. त्यामुळं माझं ऐकून थांबू नका. खोक्यात आलेलं पुस्तक काढा आणि वॉरंटीचं पान आणि जोडणीचं पान, दोन्ही शांतपणे वाचा.

तुमच्या बाबतीत सगळं अडलंय ते जोडणीवर. कंपनी म्हणत असणार की क्रँक ढिला झाला तो जोडणीचा किंवा देखभालीचा दोष, उत्पादनाचा नव्हे. ऐकायला बरोबर वाटतं, पण यात एक मेख आहे. खोक्यातून येणारी सायकल पूर्ण सुटी नसते, बरीचशी कारखान्यातच जोडलेली असते. घरी करायचं उरतं ते पुढचं चाक, हँडल, सीट, पायडल आणि ब्रेक-गिअरचं सेटिंग. क्रँक साधारणपणे कारखान्यातूनच बसून येतात. तुमचेही तसेच आले असतील, तर तो बोल्ट तुमच्या पंक्चरवाल्यानं आवळायचा नव्हताच, कारखान्यात आवळायचा होता. हे त्यांना लेखी विचारा. ते उलट म्हणतील की पुस्तकात लिहिलंय, चालवण्याआधी सगळे बोल्ट तपासा आणि जोडणी अधिकृत मेकॅनिककडून करून घ्या. त्यातही तथ्य आहे. आणि कटकट सुरू झाल्यावर किती दिवस सायकल चालवली, हाही प्रश्न येणार. खरं सांगतो, तिथं आपली बाजू थोडी लंगडी आहे.

मग करायचं काय? फोनवर भांडू नका, फोनचा पुरावा राहत नाही. मेल करा. बिलाची प्रत, फ्रेम नंबर (तो बहुतेक सायकलींवर खाली, बीबीच्या नळीच्या बुडाला ठोकलेला असतो), क्रँक हलतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ आणि क्रँक काढल्यावर त्या चौकोनी भोकाचा जवळून फोटो. सायकल कधी आली, आवाज कधी सुरू झाला, त्या तारखा घाला. मागणी छोटी ठेवा: डावा क्रँक आणि बोल्ट बदलून द्या. सायकलच बदलून मागितली की समोरचा माणूस सरळ नाही म्हणतो. पाचशेचा सुटा भाग कुरिअरनं पाठवायला तो पटकन तयार होतो. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं इथंच मिटतात.

नाहीच दाद दिली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. तिथं तक्रार नोंदवली की ती कंपनीकडं जाते आणि बरेचदा तेवढ्यानं हालचाल होते. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनी कुठलीही असली तरी कोल्हापुरात. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. पण एका क्रँकसाठी तारखांना हेलपाटे घालावेत असं मला वाटत नाही. फ्रेमला तडा गेला असता तर मीच तुम्हाला तिकडं पाठवलं असतं.

फ्रेमवरून दोन गिऱ्हाइकं आठवली. एकाची फ्रेम हँडलच्या नळीजवळ वेल्डिंगच्या कडेनं तडकली. बिल होतं, सायकल धड ठेवलेली होती, मी फोटो काढून दिले. तीन आठवडे लागले, पण नवीन फ्रेम आली. दुसऱ्याची तडकली सीटच्या नळीजवळ. पोरगं वर्षात चार बोटं उंच झालेलं, सीटची दांडी दर महिन्याला वर सरकवलेली. त्या दांडीवर एक रेघ कोरलेली असते, तिच्यावर दांडी काढायची नाही अशी. ह्याची रेघ नळीच्या दोन इंच वर. कंपनीच्या माणसानं फोटोत ती रेघ बघितली आणि विषय संपला. मला त्याला दोष देता आला नाही. तुमचाही मुलगा वाढत्या वयाचा आहे, तेव्हा ती रेघ आज रात्रीच बघा. हँडलच्या गजावर अशीच खूण असते काही सायकलींत. आणि डबलसीट बंद. मागं कॅरिअर लावून मित्राला बसवणं हा आपल्याकडं जन्मसिद्ध हक्क समजला जातो, पण पुस्तकात जास्तीत जास्त भार लिहिलेला असतो आणि त्यात चालवणारा, दप्तर, सगळं धरलेलं असतं.

इथपर्यंतचं एका दमात: क्रँक हलतोय तोवर सायकल उभी, बिल आणि फोटो जपून, मागणी लेखी आणि नेमकी. आता पावसाळा.

कोल्हापूरचा पाऊस म्हणजे चार दिवस संततधार आणि पाचव्या दिवशीही रस्ता ओलाच. सायकलीचं नुकसान पाण्यानं होतं त्यापेक्षा पाण्याबरोबर आलेल्या बारीक मातीनं जास्त होतं. चेनवर तेल, तेलावर माती, म्हणजे पॉलिश पेपरच झाला. त्यामुळं दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोरड्या फडक्यात चेन धरायची आणि पायडल उलटं फिरवायचं, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. मग चेनच्या प्रत्येक कडीच्या सांध्यावर एक एक थेंब चेन ऑइल, पाच मिनिटं थांबायचं आणि वरचं तेल पुसून टाकायचं. हे पुसणंच लोक विसरतात. तेल सांध्याच्या आत पाहिजे, वर राहिलेलं फक्त माती धरतं. ग्रीस चोपडू नका, गाडीचं काढलेलं काळं ऑइल तर नकोच, त्यात धातूची झीज मिसळलेली असते. तो निळ्या-पिवळ्या डब्यातला स्प्रे गंजलेला नट सोडवायला झकास, पण त्याला चेनचं तेल समजू नका. तो चेनच्या आतलं तेल धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो.

त्या स्प्रेचा दुसरा धोका ब्रेकला. डिस्कवर एक शिंतोडा गेला तरी पॅड तेल पितात आणि ब्रेक किंचाळतो, पण धरत नाही. डिस्क स्पिरिट लावलेल्या स्वच्छ कापडानं पुसता येते. पॅडनं तेल प्यायलं तर बहुतेक वेळा बदलावेच लागतात. म्हणून चेनला तेल घालताना मागच्या डिस्कवर जुनं वर्तमानपत्र गुंडाळा. बोटंही डिस्कला लावू नका, हाताचा तेलकटपणा तेवढाही पुरतो.

चेन किती झिजली ते बघायला महागडं हत्यार लागत नाही, पोलादी फूटपट्टी पुरते. पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत २४ सांधे मोजा, नव्या चेनचे बरोबर १२ इंच भरतात. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त भरलं की चेन बदलायची. एक सूत होईपर्यंत थांबलात तर मागचे गिअरचे दातेही गेले, आणि ते चेनपेक्षा महाग.

सायकल प्रेशरच्या पाण्यानं धुऊ नका. सर्व्हिस स्टेशनवाला मोटारसायकलीबरोबर तिच्यावरही फवारा मारतो, वरून चकाचक दिसते, पण पाणी हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आणि बीबीच्या छऱ्यांत शिरतं आणि ग्रीस बाहेर येतं. २०१९ च्या महापुरानंतर माझ्याकडं बुडालेल्या सायकलींची रांग लागली होती. ज्यांनी आठवड्याभरात आणल्या, त्यांचे हब खोलून, छरे धुऊन, नवीन ग्रीस भरून सायकली सुरू झाल्या. ज्यांनी दिवाळीला आणल्या, त्यांच्यात छऱ्यांच्या जागी तपकिरी चिखल निघाला. तुमचं घर पुराच्या पट्ट्यात नसेल, तरी सायकल तळमजल्यावर ठेवत असाल तर राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की ती वर न्या. बुडालेली सायकल घेऊन वॉरंटी मागायला गेलात तर पदरी काही पडणार नाही.

टायरची हवा महिन्यातून दोनदा तरी बघा. किती मारायची ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, अमुकपासून अमुकपर्यंत पीएसआय असं. शाळकरी पोराला त्या आकड्यांच्या मधलं ठीक, पावसात किंचित कमी. पेट्रोल पंपावरची हवा जपून मारा. सायकलीच्या ट्यूबमध्ये जागाच थोडी, दोन सेकंदांत ती फुटू शकते. पायानं मारायचा पंप घेऊन ठेवला तर बरं.

आता जोतिबा. पाठवा, पण अजून महिनाभर नाही. शहरातून साधारण अठरा किलोमीटर, शिवाजी पुलावरून केर्लीपर्यंत सोपं आणि मग चढ. चढाची मला काळजी नाही, दम लागला की पोरं उतरून ढकलतात. काळजी उताराची. नवीन डिस्क ब्रेक पहिल्या दिवशी पूर्ण धरतच नाही, पॅड आणि डिस्क एकमेकांना घासून जुळावे लागतात. सकाळी लवकर रिकाम्या सपाट रस्त्यावर न्या, वेग घ्यायला सांगा आणि दाबत दाबत चालीच्या वेगावर आणायचं, पूर्ण थांबायचं नाही. असं वीस-पंचवीस वेळा, पुढच्या आणि मागच्या ब्रेकला वेगवेगळं. त्यानंतर वायर पुन्हा एकदा ताणून घ्यायची. ब्रेक पूर्ण दाबल्यावर मूठ आणि लिव्हर यांच्यात दोन बोटं तरी अंतर राहिलं पाहिजे.

आणि उजव्या हातात कुठला ब्रेक आहे हे त्याला झोपेतही माहीत पाहिजे. आपल्याकडं बहुधा उजवा हात पुढचा ब्रेक, पण जोडणाऱ्यानं वायरी उलट्या घातलेल्याही मी बघितल्यात. उतारावर दोन्ही ब्रेक वापरायचे, वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. अंग थोडं मागं. ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, म्हणजे डिस्क तापून ढेपाळत नाही. रविवारी जाऊ नका, तो जोतिबाचा वार, गाड्यांची रीघ असते. चैत्र यात्रेच्या दिवसांत तर नाहीच. रस्त्यावर गुलाल सांडलेला असतो आणि ओला गुलाल साबणासारखा घसरतो. यात्रा झाली की आठवडाभर माझ्याकडं गुलाबी चेनच्या सायकली येतात, देवाचा प्रसाद म्हणून धुवायलाही काही जण तयार नसतात!

ऊसाच्या हंगामात अंधार पडायच्या आत घरी. ट्रॉलीच्या मागं दिवा असेलच असं नाही, आणि पडलेल्या उसावरून चाक गेलं की काही कळायच्या आत माणूस आडवा. सायकलीचे रिफ्लेक्टर पोरं स्टाइलसाठी काढून टाकतात, ते परत लावायला सांगा. मागं लाल दिवा दोनशे-तीनशेत मिळतो. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटांवर बसलं पाहिजे. मागं सरकवून घातलेलं हेल्मेट टोपीच्या कामाचं.

क्रँक माझ्याकडंच बसवा असं म्हणत नाही. टॉर्कचा पाना, म्हणजे किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना, असलेला कुणीही चालेल, फक्त शंभर किलोमीटर झाल्यावर तोच बोल्ट पुन्हा आवळून घ्या आणि त्या वेळी चाकांचा आऊट (डुगडुगणं), हँडल आणि ब्रेकही बघायला सांगा. त्याच्याकडून तारखेसह साधी पावती घ्या, पुढच्या वेळी देखभालीचा प्रश्न आला की ती दाखवता येते. आणि काढलेला जुना क्रँक भंगारात टाकू नका. बोल्टसकट पिशवीत घालून ठेवा. कंपनीचा माणूस आला तर पहिल्यांदा तोच मागेल.